सत्यभामेचा शनिवार

६ एप्रिल, शनिवार

आज मला सुट्टी होती. दूध संस्थेचा सचिव होऊन सोळा वर्षं झाली, पण सुट्टी म्हणजे काय ते आज कळलं. म्हशी दिवाळी पाळत नाहीत, कुणाचं लग्न-मयत पाळत नाहीत. दोन वेळा दूध येणार, मी मोजणार, फॅट लावणार, टेम्पो कॅन उचलून नेणार. यंदा दुष्काळाने तेही मोडलं. गावातली अर्धी जनावरं विकली गेली, उरलेली चारा छावणीत बांधली आणि दूध इतकं आटलं की तालुका संघाने निरोप धाडला, दर शनिवारी टेम्पो येणार नाही, संकलन बंद ठेवा. चेअरमन मोहनराव म्हणाले, "सचिव, आता आरामच आराम!" त्यांना हसू आलं, मला आलं नाही. आज शनिवार बंद, उद्या बुधवार बंद, परवा संस्थेलाच कुलूप.

सवयीने पहाटेच जाग आली. ऑफिस उघडलं, फॅटचं मशीन चालू केलं, बंद केलं, टेबल पुसलं आणि घरी आलो. तर सत्यभामा उंबऱ्यावर बसलेली. नुसती. हातात सूप नाही, भाजी नाही, काही नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिला असं बसलेलं पाहिल्याचं आठवत नाही. मला वाटलं, ताप आला.

"काय झालं गं?"

"काय व्हायचंय? बसलेय."

मग लक्षात आलं. आमची म्हैस भुरी गाभण आहे, दूध देत नाही, म्हणून छावणीत माझ्या वडिलांपाशी, आप्पांपाशी आहे. घरात शेण नाही, वैरण नाही, धार नाही. पोरगा पुण्याला कंपनीत. म्हणजे आज बाईसाहेबांनाही सुट्टीच की!

मला काही बसवेना. उठलो आणि समोरचा म्हसोबाचा डोंगर चढलो. एरवी देवाच्या कामापुरता जातो आणि पळत उतरतो, कारण खाली टेम्पोची वेळ झालेली असते. आज घाई नव्हती तरी पायांना घाई होतीच. वर जाऊन काय करायचं ते कळेना. पाली गावाकडे पाहिलं, तलावाचा तळ भेगाळलेला. घड्याळ पाहिलं, पुन्हा तलाव पाहिला आणि खाली आलो.

जेवताना सत्यभामेने विचारलं, "वर सपाट हाय का?"

"हाय."

"वारं?"

"असतं की."

"आपलं घर दिसतं?"

म्हटलं, घर काय, संस्थेचं पत्र्याचं छत चकाकताना दिसतं. तेवढंच मी पाहिलं होतं. ती म्हणाली, "बावीस साल झाले, अंगणातून त्यो डोंगर बघतेय. पुढल्या शनिवारी मला न्ह्या."

न्यायचं कबूल केलं. त्यात काय, जवळच तर आहे.

१० एप्रिल

छावणीत जाऊन आलो. आप्पांचं वय झालं, पण जनावरात राहिले की तब्येत खुलते. भुरीच्या पोटाला हात लावून म्हणाले, "वैशाख सरता सरता व्यायची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सत्यभामा काल आलती. डोंगर-डोंगर करीत हुती. न्ये की बे तिला. एकदा म्हस व्याली की उंबरा वलांडायला सवड घावायची न्हाई."

म्हणालो, शनिवारी नेतोय. छावणीतल्या लोकांनाही हिने सांगून ठेवलंय म्हणजे कमाल झाली.

१३ एप्रिल, शनिवार

जाणं झालं नाही. सकाळीच मोहनरावांचा फोन आला. संचालकांची तातडीची बैठक, विषय संस्था वाचवणे. दुपारपर्यंत चहा, चिवडा आणि एकमेकांवर तोंडसुख. ठरलं काय, तर पुढच्या बैठकीत ठरवू. घरी आलो तेव्हा सत्यभामेने चपला दारात नीट मांडून ठेवल्या होत्या, माझ्याही आणि तिच्याही. फडक्यात भाकरी बांधलेली होती. म्हटलं, आता ऊन झालं. "हां, ऊन झालं," ती म्हणाली. तीच भाकरी आम्ही घरात बसून खाल्ली. मला बरी लागली, तिळाची चटणी होती.

मन कशात लागत नाही. शनिवार आला की अंगात मुंग्या शिरल्यासारखं होतं. कुणी विचारलं, काय सचिव, काय चाललंय, तर सांगायला काही नसतं. संस्था गेली तर मी कोण? हा प्रश्न मी कुणाला विचारत नाही. इथे लिहून ठेवतो.

२७ एप्रिल, शनिवार

गेल्या शनिवारी दिंद्रुडला लग्न होतं, त्यामुळे जमलं नाही. आज मात्र डोंगर झाला! पण जरा वेगळ्या तऱ्हेने.

काल मोहनराव म्हणाले, संचालक मंडळ सगळं तोंड पाडून बसलंय, जरा मोकळ्या हवेत नेऊ. उद्या म्हसोबावर जाऊ, तिथेच जेवू. "सचिव, वहिनींच्या हातचं मटण लई ऐकून हाय." चेअरमनला नाही कसं म्हणायचं? सत्यभामेला सांगितलं. 

"मी बी येऊ?"

"अगं, सगळे पुरुष. संस्थेची माणसं. तू काय करशील तिथं?"

ती बाजरीचं पीठ चाळायला बसली. पहाटे उठून मटण केलं, टोपलंभर बाजरीच्या भाकरी थापल्या, कांदे, लिंबं, मीठ सगळं आठवणीने बांधून दिलं. तेवढ्या भाकरी एकटीने करायच्या म्हणजे खायचं काम नाही, पण तिला सवय आहे. वर मोहनरावांनी मोबाईलवर फोटो काढले. रश्श्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. संचालक धोंडीराम तर म्हणाला, असा रस्सा घाटनांदूरपर्यंत मिळायचा नाही. मला फार अभिमान वाटला.

येऊन तिला फोटो दाखवले. ती माणसांवरून बोट सरकवून मागचं बघत होती. "हे झाड कशाचं हाय?" मी पाहिलं. आम्ही त्याच्याच सावलीत जेवलो होतो, पण कशाचं होतं ते काही सांगता येईना.

"पुढल्या शनिवारी नक्की," मी म्हणालो.

२८ एप्रिल

सत्यभामेची पाठ धरली आहे. चुलीच्या धुराने डोळेही आलेत. विचारलं तर म्हणते, काही नाही. बायकांचं हे "काही नाही" फार अवघड असतं. त्यापेक्षा फॅटचं मशीन बरं, आकडा तरी दाखवतं.

४ मे, शनिवार

टँकर गुरुवारी आलाच नाही, आज आला. पाण्याच्या रांगेत दिवस गेला. तिचाही आणि माझाही. डोंगराचा विषय कुणी काढला नाही. मनात आलं, बरं झालं, विसरली.

११ मे, शनिवार

विसरली नव्हती. आज मी झोपेतून उठण्याआधी शेजारच्या छबुबाईला घेऊन निघून गेली. शिंक्यावर भाकरी आणि चुलीवर आमटी झाकून ठेवलेली. छबुबाईच्या सुनेने सांगितलं, दोघी डोंगरावर गेल्यात. आधी राग आला. मग म्हटलं जाऊ दे, जाऊन येईल, पिच्छा सुटेल. अंगणात उभा राहून पाहिलं तर वर, वाटेतल्या उंबराच्या टप्प्याच्याही पुढे, दोन ठिपके सरकत होते. एक हिरवा, एक लाल. हिरवा आमचा. तिथून माथा म्हणजे जेमतेम एक चढण.

तेवढ्यात मोहनरावांचा फोन. संघाचे साहेब पालीला आलेत, त्यांना घेऊन तुमच्याकडे चहाला येतो, शनिवारचा टेम्पो परत सुरू करण्याचं बोलू, बैठक घरगुती झाली तर बरं.  घरात कोण? कपबशा कुठे, साखर कुठे, मला काय माहीत? मी सत्यभामेला फोन लावला.

"अगं, ताबडतोब खाली ये. साहेब येतायत. चहाला कुणी नाही."

ती म्हणाली, "आता वर पोचलेच हाय. उलीसंच ऱ्हायलंय."

"साहेब येतायत म्हणतो ना! संस्थेचा प्रश्न आहे."

पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज आला. मी अंगणातून पाहत होतो. दोन्ही ठिपके जागच्या जागी थांबले. बराच वेळ हलले नाहीत. रेंज गेली असेल आणि माझं बोलणं पोचलं नसेल म्हणून मी पुन्हा फोन लावला. मग हिरवा ठिपका खाली येऊ लागला. लाल थोडा वेळ तिथेच होता, मग तोही आला.

साहेब वेळेपेक्षा उशिरा आले. सत्यभामा घामाने निथळत आत गेली आणि चहा केला. साहेबांनी दोनदा मागून घेतला. साखर जरा जास्त पडली होती एवढंच. टेम्पोचं बघू म्हणाले. मोहनरावांनी जाताना माझ्या पाठीवर थाप मारली.

बैठक चांगली झाली. तरी झोप येत नाही. ते दोन ठिपके डोळ्यांपुढून हलत नाहीत.

१२ मे

बोलत नाही. म्हणजे विचारलं तर उत्तर देते. वाढते, पाणी देते, सगळं वेळेवर. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला निस्तरता येतं.

डोकं चालवून पाहिलं. काहीतरी नवस असणार. नाहीतर वरून तिचं माहेर दिसत असणार. पण माहेर तर उलट्या दिशेला आहे. की तिथे मोबाईलवर कुणाशी बोलायचं असतं? छे, हे लिहायलाही लाज वाटते. संध्याकाळी म्हटलं, बीडला जाऊ, साडी घेऊ. ती म्हणाली, "साड्या हायेत." म्हटलं, मग काय पाहिजे? "काय न्हाई."

हेच ते "काही नाही".

१५ मे

छबुबाई नळाच्या कोरड्या ओट्यावर एकटीच बसली होती. मी सहज म्हणून विचारलं, वहिनी, त्या दिवशी तुम्ही दोघी कशासाठी गेला होता?

"कशापायी म्हंजी? जायाचं हुतं म्हणून." मग पदर खोचत म्हणाली, "भावजी, तुमी चारदा गेला तवा तुमाला कुणी इचारलं का, कावून गेलता?"

मला तिचा सूर आवडला नाही. 

१९ मे, रविवार

भुरी व्याली! आप्पांचा अंदाज जरा चुकला, लवकरच व्याली, पण सुखरूप. पारडी झाली. छावणीत जनावरांची दाटी, पारडी तुडवली जाईल म्हणून आप्पा तिला खांद्यावर घेऊन, भुरीला पुढे घालून दुपारीच घरी आले. मोहनरावांनी शब्द टाकून वैरणीला उसाच्या वाढ्यांची सोय केली. गोठ्यात पुन्हा शेणाचा वास आला आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. घराला घरपण आलं.

सत्यभामेने भुरीला गरम पाण्याने शेकलं, पारडीला चीक पाजला, सगळं हसत केलं. मग हात धुऊन अंगणात आली आणि डोंगराकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "आता संस्थेत आपलंही दूध जाईल."

"हां," ती म्हणाली. "आता सकाळ-संध्याकाळ म्हसीपाशी."

२४ मे, शुक्रवार

उद्या भुरीचा सातवा दिवस. आमच्याकडे म्हैस व्याली की सातव्या दिवशी घरच्या माणसाने डोंगरावर म्हसोबाला दूधभाताचा निवद न्यायचा. तोवर त्या म्हशीचं दूध संस्थेला घालत नाहीत. हे माझ्या आज्यापासून चालत आलंय, आणि आप्पा थकल्यापासून निवद मीच नेतो. शनिवारही आहे, संकलन बंद. मी धोतर-टोपी काढून ठेवली.

रात्री जेवणं झाल्यावर सत्यभामा म्हणाली, "निवद मी नेणार हाय."

मी हसलो. तिला हसू आलेलं नव्हतं.

"अगं, बायका कुठं नेतात?"

"आप्पा," ती म्हणाली, "बायकांनी निऊ न्हाई असं हाय का कुठं?"

आप्पा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "देवानं कशाला सांगावं? म्हसीची धार कोण काढंल म्हणून बायका घरी ऱ्हायल्या. तुझी सासू बी म्हणायची, मला एकदा जायाचंय. म्हणत म्हणतच गेली."

आई असं म्हणायची हे मला माहीतच नव्हतं.  मग आठवलं. "आणि धार? उद्या धार कोण काढणार?"

"तुमी."

"मी?"

"सोळा साल दूध मोजताय," ती म्हणाली. "एक दिस काढून बघा."

हे ती चिडून बोलली असती तर मीही काही बोललो असतो. पण ती अगदी शांतपणे, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं बोलली. आता ती झोपली आहे आणि मी जागा आहे. तिला अडवलं तर ती थांबेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. अजून कधी थांबली नाही असं झालेलं नाही. भीती त्याचीच वाटते आहे.

२५ मे, शनिवार

अंधार असतानाच गेली. पितळी डब्यात निवद, डोक्यावर पदर, हातात आप्पांची काठी. मी दारापर्यंत गेलो. "सांभाळून," एवढंच म्हणालो.

बादली घेऊन भुरीपाशी बसलो. आधी पारडीला लावलं, जरा पान्हा आला असं वाटलं, मग पारडी ओढून सडाला हात घातला. भुरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि बादली लाथेने थेट हौदापर्यंत उडवली. पुन्हा बसलो. पुचकारलं. पेंड पुढे टाकली. पेंड खाल्ली, पान्हा चोरला. गावभरच्या दुधाचं फॅट सांगणारा मी, पण घरच्या म्हशीने मला थेंब दिला नाही. शेवटी पारडी मोकळी सोडली, ती पोटभर प्यायली.

उजाडल्यावर डोंगराकडे पाहिलं. हिरवा ठिपका उंबराच्या टप्प्यापुढे गेलेला होता. मग शेवटची चढण. मग दिसेनासा झाला. मी उगाचच टाचा उंचावून पाहत होतो.

दहाच्या सुमारास वाटलं, आता निघाली असेल. काही दिसेना. ऊन रणरणायला लागलं. फोन लावला तर घंटी घरातच वाजली. भिंतीतल्या देवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी फोन ठेवून गेली होती. विसरली म्हणावं, तर चार्जिंगला लावून गेली होती.

 पाय घसरला असेल? चक्कर आली असेल? पाणी पुरेल का? आप्पांना म्हणालो, वर जाऊन बघून येतो. आप्पा म्हणाले, "बस गप. काठी हाय तिच्यापाशी. देवळाच्या सावलीत बसली आसंल." बसलो. उठलो. ऑफिसला गेलो, मशीन चालू केलं, बंद केलं, परत आलो. किती वेळा अंगणात गेलो ते आप्पा मोजत असावेत, त्यांच्या मिशा हलत होत्या.

संध्याकाळी भुरी रेकायला लागली. तिची कास दाटली होती. सकाळची लाथ आठवून मी लांबच उभा होतो. आप्पा म्हणाले, "सत्यभामेचं रोजचं लुगडं आण. गोठ्यातलं. अन् नेस."

"आप्पा, काय बोलताय?"

"तुझी आई बाळंत हुती तवा मी नेसलतो. म्हसीला वास वळखीचा लागतो. लाजतो काय, तालुका संघ आलाय का बघायला?"

दोरीवर तिची फिकी पडलेली निळी साडी होती, शेणाचे शिंतोडे उडालेली. कमरेला गुंडाळली, पदर डोक्यावरून घेतला. त्या साडीला धुराचा, पेंडीचा आणि तिच्या घामाचा वास येत होता. बावीस वर्षं जिच्याजवळ झोपतो तिचा हा वास मला ओळखीचा होता, पण तो दिवसभर कुठे कुठे फिरून येतो ते आज कळलं. भुरीने माझा खांदा हुंगला, पुन्हा हुंगला, आणि उभी राहिली. सडातून पहिली धार बादलीत वाजली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोटं आखडली, मनगट भरून आलं, गुडघे सुन्न झाले. अर्धी बादली भरली. हे ती रोज दोन वेळा करते आणि नंतर भाकरी थापायला बसते.

बादली घेऊन उठतोय तोच ती दारात उभी. चेहरा उन्हाने तांबडा, ओठ फुटलेले, पायांवर धूळ. मला त्या अवतारात पाहून तिने तोंडाला पदर लावला आणि अशी हसली की ओट्यावर बसायची पाळी आली. आप्पाही हसत होते. मग मीही हसलो.

पाण्याचा तांब्या दिला. ती घटाघटा प्यायली. मी समोर बसलो, तसाच. दिवसभर पोटात साठलेले प्रश्न एकदम तोंडाला आले.

"निवद दाखवलास?"

"पोचल्याबरूबर."

"मग एवढा वेळ काय केलंस?"

"बसले. जरा निजले. पुना बसले."

"नवस होता काही?"

"न्हाई."

"मग होतं काय तिथं?"

तिने विचार केला. मला खरंच सांगायचं म्हणून केला, हे दिसत होतं.

"सकाळधरनं मला कुणी हाक मारली न्हाई," ती म्हणाली.

तिने हे गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. एखादी नवलाची गोष्ट पाहून आल्यावर माणूस सांगतं, तसं सांगितलं.  मला ते दोन ठिपके दिसले, थांबलेले, आणि त्या दिवशी रेंज गेली नव्हती हेही समजलं.

तेवढ्यात गोठ्यात पारडी ओरडली, तिच्यामागे भुरी ओरडली. सत्यभामेने सवयीने तांब्या खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकले.

"बस," मी म्हणालो. "मी बघतो."

साडीचा सुटलेला पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि गोठ्यात गेलो.